नाव गेले, फाइल उरली

सॉफ्टवेअरमधील त्रुटी दूर करणारी नवी आवृत्ती बसवली, की जुनी धोकादायक आवृत्ती नाहीशी झाली, असे गृहीत धरले जाते. लिनक्स संगणकांवर मात्र हे गृहीतक एकेकाळी फसवे ठरत होते. त्याचे कारण होते ‘हार्ड लिंक’.

लिनक्समध्ये फाइल आणि तिचे नाव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मजकूर डिस्कवर कोठे आहे, मालक कोण, परवानग्या कोणत्या, ही माहिती ‘आयनोड’ नावाच्या नोंदीत असते. नाव हा त्या नोंदीकडे नेणारा केवळ दुवा. एका आयनोडला अनेक नावे देता येतात. अशा प्रत्येक नावाला हार्ड लिंक म्हणतात. एक नाव पुसले तरी दुसरे शिल्लक असेपर्यंत फाइल डिस्कवर राहते.

डेबियनचा ‘डीपीकेजी’ आणि रेड हॅटचा ‘आरपीएम’ हे पॅकेज मॅनेजर जुन्या फाइलवरच नवा मजकूर लिहीत नाहीत. नवी फाइल तात्पुरत्या नावाने शेजारी तयार होते आणि मग मूळ नाव एका झटक्यात तिला दिले जाते. त्यामुळे सुरू असलेला प्रोग्राम जुन्या फाइलवर निर्वेधपणे चालू राहतो.

धोका उद्भवतो तो ‘सेटयूआयडी’ परवानगी असलेल्या प्रोग्राममुळे. ‘सुडो’सारखे हे प्रोग्राम कोणीही चालवले तरी ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतात. एखाद्या सामान्य वापरकर्त्याने त्याच डिस्क विभागातील स्वतःच्या फोल्डरमध्ये अशा प्रोग्रामची हार्ड लिंक आधीच करून ठेवली, तर अद्ययावतीकरणानंतरही सदोष प्रोग्राम, रूटच्या अधिकारांसह, त्याच्या हाती राहतो. व्यवस्थापकाला मात्र नवी आवृत्ती बसलेली दिसते.

यावरील उपाय साधा आहे. जुन्या फाइलचे नाव काढण्यापूर्वी पॅकेज मॅनेजरने तिची सेटयूआयडी परवानगी रद्द करायची. परवानगी आयनोडमध्ये असल्याने ती सर्वच नावांसाठी रद्द होते. डीपीकेजीमधील ही उणीव ‘सीव्हीई-२००४-२७६८’ या क्रमांकाने नोंदली गेली, आरपीएमच्या ४.८.० व त्याआधीच्या काही आवृत्त्यांतील उणिवेचा क्रमांक ‘सीव्हीई-२०१०-२०५९’ आहे. पुढे २०१२ मध्ये लिनक्स कर्नलच्या ३.६ आवृत्तीत, दुसऱ्याच्या मालकीच्या अशा फाइलींची हार्ड लिंक करण्यासच मज्जाव करणारी सोय आली.

फाइलींच्या सविस्तर यादीत परवानग्यांपुढे एक आकडा असतो. तो त्या फाइलच्या नावांची संख्या सांगतो. सेटयूआयडी प्रोग्रामपुढे तो अनपेक्षितपणे एकाहून अधिक दिसल्यास, दुसरे नाव कोठे आहे याचा शोध घेणे हिताचे.