अकरा महिन्यांचे घर

मे महिना संपत आला की मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण, मीरा रोड या भागांतल्या गल्ल्यांतून सामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. वर लोखंडी कपाट, बाजूला गुंडाळलेल्या गाद्या, मध्ये गॅसची शेगडी आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर मिक्सर सांभाळत बसलेली घरातली बाई. जूनमध्ये शाळा उघडणार, त्याआधी बिऱ्हाड हलवायचे. करार संपलेला असतो, मालकाने हजार-दीड हजार वाढवून मागितलेले असतात आणि घरात तेवढी वाढ झालेली नसते.

२०११च्या जनगणनेत अविभक्त ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली होती. देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा तोच होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, पण गर्दी ओसरली नाही. मुंबईत परवडेनासे झाले की माणूस खाडी ओलांडतो, ही इथली जुनी रीत आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतल्या अनेक मुस्लिम कुटुंबांनी खाडी ओलांडली ती मात्र स्वस्ताईसाठी नव्हे, जिवाच्या भीतीने. मुंब्रा-कौसा वाढले ते तेव्हापासून. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधली पट्टी चिंचोळी. जमीन वाढत नाही आणि येणारी माणसे थांबत नाहीत. तिथले भाडे खाली कसे येणार?

आता एका घराचा हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, वाचकांनी आपले घालून पाहावेत. समजा, महिन्याचे उत्पन्न २५ हजार, घरभाडे ९ हजार, अनामत ५० हजार. वरवर पाहता उत्पन्नाच्या ३६ टक्के भाड्यात गेले. पण दर अकरा महिन्यांनी घर बदलले तर दलालाला एक महिन्याचे भाडे, म्हणजे ९ हजार. कराराचा खर्च दोन हजार धरा, टेम्पो आणि हमालीचे चार हजार. अकरा महिन्यांचे भाडे ९९ हजार. सारी बेरीज १ लाख १४ हजार. महिन्याला पडले १० हजार ३६० रुपये, म्हणजे ४१ टक्के. वीज, पाण्याचा टँकर आणि लोकलचा पास यात धरलेलाच नाही. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याचा एक साधा मापदंड आहे. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम घरावर जाऊ लागली की ते कुटुंब घरखर्चाने दबलेले मानायचे. हा मापदंड आपल्याकडे लावला तर अर्ध्या इमारतीत दबलेली माणसेच सापडतील, असा माझा अंदाज आहे.

स्वस्त घर दूर मिळते, असे कुणी म्हणेल. मिळते. पण दूरच्या घराचे भाडे रेल्वेच्या डब्यात फेडावे लागते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्या दारांत उभे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना कामाजवळ घर परवडत नव्हते म्हणून ते तिथे उभे होते.

नाव ऐकले की घर जाते

फोनवर घर रिकामे असते, नाव सांगितल्यावर ते "कालच गेले" असते. हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही. याचा परिणाम फक्त मनाला लागत नाही, खिशालाही लागतो. शंभर घरे रिकामी असली आणि त्यांतली वीसच तुम्हाला दाखवली जात असतील, तर तुमचा बाजार वीस घरांचा आहे. त्या वीस घरांवर सगळे तुटून पडतात आणि भाडे चढते. म्हणून तशाच खोलीला, तशाच नळाला आपल्या वस्तीत कधी कधी जास्त मोजावे लागते.

दुसरीकडे रिकाम्या घरांना तोटा नाही. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीने हाच मुद्दा मांडून मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे म्हटले होते. मालक घर बंद ठेवतो, कारण भाडेकरू घर बळकावेल ही भीती. या भीतीचे मूळ १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात आहे. त्या कायद्याने भाडी गोठवली आणि पागडीची पद्धत फोफावली. दक्षिण मुंबईतल्या जुन्या चाळींत आजही काही शे रुपयांत राहणारी कुटुंबे आहेत. त्यांचा हेवा करू नये, त्यांच्या डोक्यावरचे छतही तेवढेच जुने आहे.

आज मात्र कायदा तसा राहिलेला नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे अनुमती करारावर दिलेले घर मुदत संपल्यावर रिकामे करावेच लागते. न केल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. म्हणजे कायदा आता बऱ्याच अंशी मालकाच्या बाजूने झुकलेला आहे. ज्या बंधूंनी भीतीपोटी आपला दुसरा फ्लॅट कुलूप लावून ठेवला आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

भाडेकरूनेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. "अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?" हे वाक्य दलालाच्या तोंडी कायम असते. महाराष्ट्रात ते खोटे आहे. या कायद्याच्या कलम ५५नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

खर्चही फार नाही. एकूण भाडे, अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने काढलेली रक्कम, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. आपल्या नमुन्यातल्या घराचे ते तीनशे रुपयांच्या आतबाहेर येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. आधार आणि बोटांचे ठसे देऊन हे काम घरबसल्या होते. दलाल यासाठी जास्त मागेल, ते त्याच्या फेऱ्यांचे पैसे आहेत, सरकारचे नव्हेत.

आणि करार अकराच महिन्यांचा असावा, असा कुठेही नियम नाही. तो ३३ किंवा ३६ महिन्यांचाही करता येतो. दरवर्षी भाडे किती वाढणार ते आधीच लिहून घ्यावे. मुलांची शाळा तीन वर्षे तीच राहते आणि दलाली तीनदा जाण्याऐवजी एकदाच जाते. मालकालाही घर मध्ये रिकामे पडण्याची चिंता राहत नाही. इतकी सोयीची गोष्ट आपल्याकडे इतकी कमी का केली जाते, हे मला अजून उमगलेले नाही.

सोसायटीचाही प्रश्न येतो. सभासदाने घर भाड्याने दिल्यास सोसायटी 'ना-भोगवटा शुल्क' घेते. ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. हे शुल्क भरायचे सभासदाने, म्हणजे मालकाने. ते भाडेकरूच्या माथी मारायचे असेल तर तसे करारात आधी ठरायला हवे.

हेवी डिपॉझिट

आता खरा दुखरा भाग. आपल्या वस्त्यांत 'हेवी डिपॉझिट' फार चालते. आठ लाख द्या, भाडे नाही. घर सोडताना आठ लाख परत. भाड्याची कटकट नाही, पैसे बुडत नाहीत, असे वाटते. ज्या कुटुंबांना व्याजाचे गृहकर्ज नको असते, त्यांना तर हा मार्ग सरळ वाटतो.

पण पुन्हा पेन्सिल घ्या. हेच घर ९ हजार भाडे आणि ५० हजार अनामतीवर मिळत होते. म्हणजे साडेसात लाख जादा दिल्याच्या बदल्यात वर्षाला १ लाख ८ हजार रुपये भाडे माफ झाले. शेकडा १४ रुपये ४० पैसे. रक्कम दिली, ती जशीच्या तशी परत येणार आणि मधल्या काळात तिच्यापोटी फायदा मिळाला. अनेक उलमांनी यावर हरकत घेतली आहे ती याचसाठी. अनामत म्हणून दिलेले पैसे मालक वापरतो, म्हणून ते कर्ज झाले, आणि कर्जापोटी भाड्यात मिळालेली सूट ही रिबाच्या वर्गात जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. भाडे नावापुरते शंभर-दोनशे रुपये ठेवल्याने हा प्रश्न सुटत नाही, असेही ते सांगतात. नेहमीचे भाडे आणि त्याच्या प्रमाणात सुरक्षेची अनामत, याला मात्र हरकत नाही. आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारावे. जमल्यास त्याच वेळी मालकाकडे अडकून पडलेल्या रकमेच्या जकातीबद्दलही विचारून घ्यावे.

दीनची बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी हिशेब एक प्रश्न विचारतोच. बँकेचे गृहकर्ज याहून बरेच स्वस्त मिळते. मग हा मालक वर्षाला १४ टक्के सोडून तुमचे पैसे का घेतो? एक तर त्याला कर्ज द्यायला बँक तयार नाही, किंवा या घरावर आधीच कर्ज आहे आणि हप्ते थकले आहेत. तुमच्या आठ लाखांतून तो दुसऱ्या कुणाचे देणे भागवतो आणि तुमचे परत करायचे ते पुढच्या भाडेकरूकडून घेऊन. पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत तुम्ही थांबायचे. गहाण घर बँकेने २००२च्या सरफेसी कायद्याखाली ताब्यात घेतले तर बँकेचा हक्क आधी, आणि तुमचा कागद गहाणानंतरचा असेल तर तुमच्या हाती मालकाच्या मागे फिरणे एवढेच उरते. आठ लाखांच्या करारावर वर्षाचे मुद्रांक शुल्क जेमतेम दोनशे रुपये भरते. तेवढेही वाचवून लोक नुसत्या स्टॅम्प पेपरवर आयुष्याची पुंजी देतात.

आणि ही पुंजी कुणाची असते? बऱ्याचदा ती बायकोच्या बांगड्या मोडून आलेली असते, नाही तर वडिलांमागे आईच्या हाती आलेली रक्कम असते. करार मात्र नवऱ्याच्या किंवा थोरल्या मुलाच्या नावावर होतो. उद्या तलाक झाला, कुणाचा इंतकाल झाला, भावांत वाद झाला, तर ती बाई कोणता कागद दाखवणार? ज्याचे पैसे त्याचे नाव करारात हवे. निदान दोघांची नावे हवीत आणि रक्कम तिच्या खात्यातून मालकाच्या खात्यात गेलेली हवी. यात घरातल्या पुरुषांवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. वारसांमध्ये तरका वाटताना कुणाचे किती, हे यामुळेच सरळ राहते.

स्वस्त खोली कशी उभी आहे, तेही पाहावे लागते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसे गेली. वरचे बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतली जिलानी इमारत झोपेतल्या भाडेकरूंवर पडली, मृतांचा आकडा ४०च्या आसपास गेला. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी काढतात. 'सी-१' वर्गातली इमारत म्हणजे ताबडतोब रिकामी करण्याजोगी. टोकन देण्याआधी ही यादी बघायला दहा मिनिटे लागतात.

त्याच बैठकीत मालकाकडून मालमत्ता कराची पावती, घर त्याच्या नावावर असल्याचा 'इंडेक्स टू' आणि शेवटचे वीजबिल मागावे. बिलावर थकबाकी असेल तर ती कोण भरणार ते लिहून घ्यावे. अनामत चेकने किंवा खात्यातून द्यावी. करारात एक ओळ नक्की असावी: घराचा ताबा आणि अनामतीची परतफेड एकाच दिवशी, एकाच वेळी होईल. रंगाचे पैसे कापायचे असतील तर किती, तेही तिथेच लिहावे. आत जाताना भिंती, नळ, खिडक्यांचे मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. चावी हातात असेपर्यंत तुमच्या शब्दाला वजन असते. "आठ दिवसांनी देतो, चावी ठेवून जा" असे कुणी म्हटले तर चहा जरूर घ्यावा, चावी मात्र परत खिशात टाकावी.