फिनिश्ड बेसमेंट आणि घराचा सौदा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया, इलिनॉय किंवा पलीकडे ओंटॅरिओमध्ये मराठी कुटुंब घर बघायला निघालं की ‘फिनिश्ड बेसमेंट हवं’ ही अट यादीत असतेच. गणपतीची आरास तिथे मांडायची, मंडळाच्या एकांकिकेची तालीम तिथे घ्यायची, मुलांचा दंगा तिथे चालायचा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांची खोलीही पुष्कळदा तिथेच असते. काही वर्षांनी घर विकायची वेळ आली की या जागेवर ओतलेला पैसा सहज वसूल होईल, अशी अपेक्षाही असते.

मुळात या भागांत बेसमेंट असतं ते हवामानामुळे. कडक थंडीत जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरचं बांधकाम उचलतं. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. न्यू जर्सीत ही खोली साधारण तीन फुटांपर्यंत असते, मिनेसोटात त्याहून जास्त. इतकं खणायचंच आहे, तर आणखी थोडं खणून अख्खा मजला मिळवलेला बरा, असा हा हिशेब. फ्लोरिडात भूजल फार वर असतं आणि टेक्सासच्या बऱ्याच भागांत चिकणमाती फुगते-आकसते, त्यामुळे तिथे बेसमेंट क्वचितच दिसतं. सांगायचं इतकंच, की ही जागा कितीही सजवली तरी ती मातीत आहे. तिचं मोल गालिच्यावरून नव्हे, तर तीन गोष्टींवरून ठरतं : ती कोरडी आहे का, तिचे कागद आहेत का आणि संकटात तिथून बाहेर पडता येतं का. याबाबतचे नेहमीचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : बेसमेंट फिनिश केलं की घराचे चौरस फूट तेवढे वाढतात.

वस्तुस्थिती : समजा, वरचे दोन मजले मिळून २,४०० चौरस फूट आहेत आणि खाली १,००० चौरस फुटांचं फिनिश्ड बेसमेंट आहे. जाहिरातीत ‘३,४०० चौरस फूट राहण्याची जागा’ असं छापलेलं दिसेल. पण बँकेचा अप्रेझर येतो तेव्हा घराचा मुख्य आकडा २,४०० हाच धरतो. मोजमापाचं ‘अँसी झेड ७६५’ नावाचं मानक आहे. फॅनी मे या संस्थेकडे जाणाऱ्या कर्जांसाठी, जिथे आत जाऊन मोजमाप होतं तिथे, १ एप्रिल २०२२ पासून ते सक्तीचं आहे. या मानकानुसार मजल्याचा थोडासा भाग जरी जमिनीच्या पातळीखाली असला, तरी तो सगळा मजला जमिनीखालचा धरला जातो.

‘आमचं वॉकआउट आहे, मागच्या अंगणात दार उघडतं’ असं म्हणून हा नियम टळत नाही. उतारावरच्या घरात मागची बाजू पूर्ण उघडी असली, तरी पुढची भिंत मातीत असते.

याचा अर्थ बेसमेंटला किंमत नाही, असा नाही. अप्रेझर त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करतो आणि त्याच भागात विकल्या गेलेल्या तशाच घरांशी तुलना करून रक्कम जोडतो. मात्र वरच्या मजल्याच्या दर चौरस फुटाचा भाव खालच्या जागेला लावता येत नाही. घर घेताना दोन घरांचा भाव ताडून बघत असाल, तर आधी दोन्हीकडचे बेसमेंटचे फूट बाजूला काढा आणि मगच भागाकार करा.

गैरसमज २ : बेसमेंटवर केलेला खर्च विक्रीत पुरेपूर परत मिळतो.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या अहवालात बेसमेंट राहण्यायोग्य करण्याचा अंदाजे खर्च ५७,५०० डॉलर आणि विक्रीत त्यातून वसूल होणारी रक्कम ४९,२५० डॉलर, म्हणजे सुमारे ८६ टक्के, दिली होती. हा देशभराचा अंदाज आहे. तुमच्या गल्लीत तो कमीजास्त होणार. पण सरासरीतसुद्धा खर्च पुरता निघत नाही, हे ध्यानात ठेवा.

त्यातही खर्च कशावर झाला, याला महत्त्व आहे. एक मोठी मोकळी खोली, एक बाथरूम आणि चांगला उजेड असेल तर बहुतेक ग्राहकांना ते उपयोगी पडतं. पायऱ्या-पायऱ्यांच्या खुर्च्यांचं होम थिएटर किंवा दगडी बार ही एका कुटुंबाची हौस असते आणि पुढच्या ग्राहकाला ते काढून टाकण्याचा खर्च दिसतो. दहा वर्षं मनसोक्त वापरायचं असेल तर हौसेने करा. पण पुढच्या वर्षी घर विकायचं आहे आणि केवळ त्यासाठी बेसमेंट फिनिश करताय, तर आधी आसपासच्या विक्रीचे आकडे बघा.

एक फायदा मात्र बरेच जण विसरतात. हा खर्च सुधारणेत मोडतो, म्हणून करासाठी घराच्या मूळ किमतीत तो मिळवता येतो. दोन वर्षं राहिलेलं स्वतःचं घर विकताना एकट्या मालकाला २,५०,००० आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंतच्या नफ्यावर सहसा केंद्रीय कर लागत नाही. जुन्या घरांचा नफा आता ही मर्यादा ओलांडू लागला आहे. अशा वेळी कंत्राटदाराची जपून ठेवलेली बिलं प्रत्यक्ष पैसे वाचवतात.

गैरसमज ३ : खाली पलंग आणि कपाट बसवलं की ती बेडरूम झाली.

वस्तुस्थिती : अमेरिकेतली बहुतेक राज्यं ज्या आदर्श निवासी बांधकाम संहितेचा आधार घेतात, तिच्यात झोपण्याच्या खोलीला कपाटाची अट नाही, अट आहे ती थेट बाहेर पडता येईल अशा खिडकीची किंवा दाराची. आग लागली आणि जिना धुराने भरला, तर आतल्याला बाहेर येता आलं पाहिजे आणि अग्निशमन दलाच्या जवानाला पाठीवरच्या सिलिंडरसह आत शिरता आलं पाहिजे.

मापं अशी : उघडल्यावर मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट (जमिनीच्या पातळीलगतच्या खिडकीला ५ चौरस फूट चालतात), उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच आणि खिडकीचा उंबरा फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. इथे एक फसगत होते. २० बाय २४ इंचांची खिडकी दोन्ही किमान मापांत बसते, पण तिचं क्षेत्रफळ जेमतेम ३.३ चौरस फूट भरतं. रुंदी २० इंचच ठेवली तर ५.७ चौरस फुटांसाठी उंची ४१ इंच लागते. जुन्या बेसमेंटांत छताजवळ दिसणारी आडवी, बुटकी खिडकी यात बसत नाही. खिडकीबाहेर खड्डा असेल तर तो किमान ९ चौरस फुटांचा हवा, आणि ४४ इंचांहून खोल असेल तर त्यात कायमची शिडी हवी.

गावोगावी नियमांत थोडा फरक असतो, तेव्हा नगरपालिकेच्या बांधकाम विभागात विचारून घ्या. घराला सेप्टिक टाकी असेल तर बेडरूमची संख्या टाकीच्या मंजूर क्षमतेशीही बांधलेली असते. विकताना अशी खोली ‘बेडरूम’ म्हणून जाहीर केलीत, तर सौदा अडू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना जिथून बाहेर पडता येणार नाही, अशा खोलीत झोपवू नका.

गैरसमज ४ : परमिट काढलं तर प्रॉपर्टी टॅक्स वाढतो, न काढलेलंच बरं.

वस्तुस्थिती : फिनिशिंगनंतर मूल्यांकन वाढून कर वाढू शकतो, हे खरं. पण परमिट टाळून वाचवलेला हा पैसा विक्रीच्या वेळी एकरकमी बाहेर निघतो. ग्राहकाचा वकील नगरपालिकेच्या नोंदी मागवतो आणि त्यांत बेसमेंट कच्चंच दिसतं. मग मागाहून परमिट काढा, वायरिंग आणि प्लंबिंग तपासण्यासाठी भिंती उघडा, नाहीतर किंमत कमी करा, असा प्रसंग क्लोजिंगच्या तोंडावर येतो. विना-परमिट कामातून आग लागली किंवा पाणी फुटलं तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

परमिट काढणं आणि ते बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम उरकलं, पण शेवटची तपासणी कुणी करून घेतली नाही, तर परमिट वर्षानुवर्षं उघडंच राहतं आणि नव्या मालकाच्या गळ्यात पडतं. न्यू जर्सीत सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली नगरपालिकेकडे अर्ज करून कोणत्याही घराची परमिटं मागवता येतात. ऑफर देण्यापूर्वी हे करून घ्या.

गैरसमज ५ : इन्स्पेक्शन पास झालं, म्हणजे बेसमेंट कोरडं आहे.

वस्तुस्थिती : होम इन्स्पेक्शनमध्ये पास-नापास नसतं. इन्स्पेक्टर दिसेल तेवढं बघतो. ड्रायवॉल फोडून मागची काँक्रीटची भिंत तपासत नाही. कच्च्या बेसमेंटमध्ये भेग, ओल, भिंतीचा फुगवटा उघड दिसतो. फिनिश्ड बेसमेंटमध्ये तेच सगळं रंगाआड जातं. ईशान्य कनेक्टिकटमध्ये १९८३ नंतरच्या तीन दशकांत बांधलेल्या हजारो घरांच्या पायांत पायरोटाइट नावाच्या खनिजामुळे काँक्रीट हळूहळू भुगा होत असल्याचं पुढे आलं. तिथे घर घेताना फिनिश्ड भिंतीमागचा पाया बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हणून ज्या भागाला फिनिशिंग नाही, तिथे जास्त वेळ काढा. फर्नेसच्या खोलीत काँक्रीटवर पांढरी, क्षारांची पूड दिसते का? पाणी मुरल्याची ती खूण. तिथल्या लाकडी खांबांचे पाय काळवंडलेत का? गालिचा अगदी नवा आणि रंग ताजा असेल तर का, ते विचारा. संप पंपाच्या खड्ड्याचं झाकण उघडायला सांगा, बादलीभर पाणी ओता. तरंगता गोळा वर येऊन पंप सुरू झाला पाहिजे आणि पाणी उपसून थांबला पाहिजे. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा पंप आहे का, तेही बघा, कारण वादळ आणि वीज जाणं बरोबरच येतात. मग बाहेर जा. पन्हाळीचं पाणी पायाशी पडतंय का? घरालगतच्या जमिनीला पहिल्या दहा फुटांत किमान सहा इंच उतार हवा. बेसमेंटमध्ये पाणी येण्याचं कारण पुष्कळदा छपरावर आणि अंगणात असतं आणि तिथेच ते स्वस्तात दुरुस्त होतं.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांत मार्च २०२४ पासून विक्रेत्याला पुराच्या धोक्याची माहिती लेखी द्यावी लागते. ती वाचल्याशिवाय सही करू नका. आणि तुम्ही विक्रेते असाल तर ती खरी भरा.

गैरसमज ६ : पाणी शिरलं तर इन्शुरन्स आहेच.

वस्तुस्थिती : नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत पूर येत नाही. गटाराचं पाणी उलटणं किंवा संप पंप बंद पडणं यासाठीही बहुधा वेगळी पुरवणी घ्यावी लागते. राष्ट्रीय पूरविमा योजनेची पॉलिसी घेतली तरी बेसमेंटमध्ये संरक्षण मोजकंच असतं : फर्नेस, वॉटर हीटर, विजेचं पॅनेल, संप पंप यांना मिळतं, गालिचा, फर्निचर, टीव्ही, बाथरूमची सजावट यांना मिळत नाही. म्हणजे फिनिशिंगवर घातलेला पैसाच उघडा राहतो. शिवाय ही पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते, तेव्हा वादळाची बातमी ऐकून ती घेण्यात अर्थ नाही.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात तीन इंचांहून अधिक पाऊस पाडला. शहरात १३ जण दगावले आणि त्यांतले ११ बेसमेंटमधल्या घरांत होते. बेसमेंट भाड्याने देऊन हप्ता भरू, असं मनात असेल तर ही रात्र आठवावी. भाड्याच्या घरासाठी झोनिंगची परवानगी, बाहेर पडण्याचा मार्ग, अग्निसुरक्षा आणि नोंदणी हे सगळं लागतं. ‘इथे सगळेच देतात’ ही परवानगी नव्हे.

गैरसमज ७ : घर नवं आहे, रेडॉनची चाचणी कशाला?

वस्तुस्थिती : रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही. तो पायाच्या भेगांतून वर येतो आणि सर्वांत खालच्या मजल्यावर साठतो. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्वेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात एका अभियंत्यामुळे किरणोत्साराचा भोंगा वाजला. केंद्र सुरूही झालेलं नव्हतं. किरणोत्सार तो घरून घेऊन येत होता. त्याच्या घरातलं रेडॉनचं प्रमाण आजच्या मर्यादेच्या शेकडो पट निघालं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाने रेडॉनमुळे दर वर्षी सुमारे २१,००० जण फुप्फुसाच्या कर्करोगाने मरतात. धूम्रपानाखालोखाल हेच कारण. प्रति लिटर ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त प्रमाण आढळलं तर उपाय करा, असं ही संस्था सांगते. घर नवं असो की जुनं, शेजारच्याचा निकाल तुमच्या उपयोगाचा नाही. चाचणी किमान दोन दिवसांची असते आणि त्या काळात खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. उपायही अवघड नाही : फरशीखालून नळी घालून पंख्याने वायू छपरावर सोडतात. विक्रेत्याने हे आधीच करून घेतलं असेल तर घर नाकारू नका. ती घराची जमेची बाजू आहे.

घर घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : बेसमेंट भर पावसानंतर एकदा बघा, परमिटाचे कागद मागवा, खिडकीला टेप लावा आणि रेडॉन मोजा. विकणाऱ्यांनी बिलं, बंद झालेली परमिटं, पंपाच्या आणि रेडॉनच्या नोंदी एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात आणि कधी पाणी शिरलं असेल तर ते आपणहून सांगावं. फिनिशिंगसाठी पैसे बाजूला काढले असतील, तर पहिला डॉलर पाण्याच्या बंदोबस्तावर, दुसरा बाहेर पडायच्या खिडकीवर आणि उरतील ते गालिच्यावर खर्च करा.