ज्येष्ठता, रजा आणि लक्ष : वैमानिकांच्या कामातले तीन प्रश्न

व्यवसाय आणि नीती या विषयावर बोलताना आपण बहुधा डॉक्टर, वकील, शिक्षक यांची उदाहरणं घेतो. आज वैमानिक घेऊ, आणि तेही अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांमधले. ही मंडळी एकत्र आली की बोलणं कशावर येतं? ताफ्यातून कोणतं विमान जाणार, कोणतं येणार. विमानात इंटरनेट आलं, त्याचं काय. आणि नव्या विमानाच्या प्रशिक्षणात आपली ठरलेली रजा सापडली तर काय. वरवर पाहता या नोकरदारांच्या गप्पा आहेत. पण थोडं थांबून पाहिलं, तर तत्त्वज्ञानातले तीन जुने प्रश्न इथे बसलेले दिसतात : ज्ञान म्हणजे काय, न्याय्य वाटणी कोणती, आणि आपलं लक्ष कोणाच्या मालकीचं.

पहिला प्रश्न विमान बदलण्याचा. मोटारीचं लायसन्स काढलं की आपण कंपनी न बघता गाडी चालवतो. मोठ्या विमानाचं तसं नाही. अमेरिकेत जेट विमान असेल, किंवा वजन १२,५०० पौंडांच्या म्हणजे सुमारे ५,७०० किलोंच्या वर असेल, तर त्या प्रकारासाठी वेगळी पात्रता लागते. तिला टाइप रेटिंग म्हणतात. बोइंग ७५७ आणि ७६७ यांना एकच रेटिंग चालतं, कारण त्यांचे कॉकपिट मुद्दाम सारखे केले होते. पण बोइंगवरून एअरबस ३२० वर जायचं, तर समोरच्या दांड्याऐवजी बाजूला छोटी स्टिक येते. मग वर्ग, सिम्युलेटर, परीक्षा, त्यानंतर तपासनीस वैमानिकाबरोबर प्रत्यक्ष उड्डाणं. यात आठवडे, कधी महिने जातात.

गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत फरक केला. पुस्तिका पाठ होणं हे पहिलं. गडबडीच्या क्षणी हात बरोबर ठिकाणी जाणं हे दुसरं. आणि हाताला जुनी सवय असते, ती आधी मोडावी लागते. म्हणून हे प्रशिक्षण महाग पडतं, आणि म्हणूनच ते टाळण्याचा मोहही होतो. साउथवेस्ट कंपनी फक्त ७३७ वापरते, त्यात तिची मोठी बचत आहे. ७३७ मॅक्स आलं तेव्हा, वैमानिकांना त्यासाठी सिम्युलेटर प्रशिक्षण लागलंच तर प्रत्येक विमानामागे १० लाख डॉलर सूट देण्याचं बोइंगने तिला कबूल केलं होतं. अमेरिकी संसदेच्या समितीने हे २०२० च्या अहवालात मांडलं. ज्या सॉफ्टवेअरमुळे विमानाचं नाक खाली ढकललं जात होतं, त्याचं वर्णन वैमानिकांच्या पुस्तिकेत नव्हतं. २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. प्रशिक्षण वाचवणं म्हणजे नेमकं काय वाचवणं, हे इथे लख्ख दिसतं.

आता दुसरा प्रश्न, रजेचा. या कंपन्यांत जवळजवळ सगळं एका आकड्यावर ठरतं : सेवाज्येष्ठतेचा क्रमांक. कोणतं विमान, कॅप्टन की सहवैमानिक, कोणतं शहर, कोणते दिवस, कोणती रजा. वर्षाच्या रजा साधारणपणे आदल्या वर्षीच पसंतीक्रमाने वाटल्या जातात, आणि त्या शहरातल्या, त्या विमानाच्या, त्या खुर्चीच्या गटात. म्हणजे बघा, माणूस मोठ्या विमानावर गेला तर पगार वाढतो, पण जुन्या गटात वरचा असलेला तो नव्या गटात तळाशी येतो. मुलांच्या सुट्टीतला आठवडा मग दुसऱ्याचा. आणि मिळालेली रजा प्रशिक्षणात सापडली, तर ती पुढे सरकवायची, तिचे पैसे द्यायचे की प्रशिक्षणच लांबवायचं, हे त्या त्या कंपनीच्या करारावर.

हे सगळं वैमानिकाच्या इच्छेनेच होतं असंही नाही. डेल्टाने २ जून २०२० रोजी एमडी-८८ आणि एमडी-९० निवृत्त केली. अशा वेळी त्या विमानाचे लोक दुसरीकडे जातात, तिथल्या कनिष्ठांना हलवतात, आणि ते आणखी कुणाला. एक वीट काढली की अख्खी रांग सरकते.

मग ही पद्धत न्याय्य आहे का? अ‍ॅरिस्टॉटल म्हणेल, पात्रतेप्रमाणे वाटा. पण पात्रता मोजायची कुणी? साहेबाने मोजली, तर साहेबाची मर्जी सांभाळणं आलं. इथे खरी मेख आहे. हवा खराब आहे, मी उडणार नाही, असं कॅप्टनला बेधडक म्हणता आलं पाहिजे. ज्येष्ठतेचा क्रमांक आंधळा आहे, गरज बघत नाही, गुण बघत नाही. पण तो कुणाच्या मर्जीवरही नाही, आणि त्यातच प्रवाशाची सुरक्षितता आहे. आमच्या मते या पद्धतीच्या बाजूचा हा सर्वांत मजबूत युक्तिवाद आहे. मात्र आंधळ्या नियमाची किंमत नेहमी कनिष्ठ मोजतो, हेही विसरू नये. निदान प्रशिक्षणासाठी कंपनीने बोलावलं म्हणून कुणाची रजा बुडू नये, एवढं करारात लिहिता येतं.

तिसरा प्रश्न लक्षाचा. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून चालणारं इंटरनेट अमेरिकेतल्या विमानांत २००८ मध्ये आलं, पुढे उपग्रहांवरून. वैमानिकांना त्याचा फायदाच आहे. पुढचं वादळ कुठे आहे, हे टॅबलेटवर ताजं दिसतं. मग भीती कशाची?

२१ ऑक्टोबर २००९. नॉर्थवेस्टचं १८८ क्रमांकाचं विमान, सॅन दिएगोहून मिनियापोलिसला, १४४ प्रवासी. सव्वा तासाहून अधिक काळ त्याचा रेडिओवर पत्ता नव्हता. विमानतळ मागे पडला, आणि विमान सुमारे १५० मैल पुढे गेलं. केबिनमधून विचारणा आली, पोहोचणार कधी? तेव्हा दोघे भानावर आले. विमान सुखरूप उतरलं. दोघे करत काय होते? डेल्टाबरोबरच्या विलीनीकरणानंतर कामाच्या पाळ्या निवडायची पद्धत बदलली होती, ती लॅपटॉपवर समजून घेत होते. २०१४ मध्ये नियम झाला : कॉकपिटमध्ये खासगी कामासाठी लॅपटॉप वा तसं उपकरण नाही. त्याआधी १९८१ पासून १०,००० फुटांखाली अनावश्यक बोलण्याला बंदी होतीच.

लक्षात घ्या, ते दोघे करमणूक करत नव्हते. आपला महिना कसा जाणार, घरी कधी जाता येणार, याचीच ती चिंता होती. म्हणजे आज आपण वेगळे केलेले प्रश्न त्या कॉकपिटमध्ये एकत्र आले होते. उपकरणावर बंदी घालता येते, चिंतेवर घालता येत नाही. ज्याची रजा, ज्याचं वेळापत्रक जमिनीवर नीट ठरलेलं आहे, त्याचं लक्ष आकाशात मोकळं राहतं. तेव्हा रजेचा करार हा फक्त कामगारांचा विषय मानू नये. मागच्या खुर्चीत झोपलेल्या प्रवाशाचाही तो विषय आहे.