हिशेब तपासणारा माणूस आणि आपला आठवड्याचा हप्ता

आपल्या व्यापारी बांधवांत एक गैरसमज आहे. चार्टर्ड अकाउंटंट म्हणजे मार्च महिन्यात आठवणारा माणूस. वह्या द्यायच्या, सही घ्यायची, फी कमी करून मागायची की काम झाले. आम्हीही सुरतेहून कापड आणून नंदुरबारात विकताना बरीच वर्षे असेच समजत होतो. पण हिशेब तपासणारा माणूस कुठवर पोहोचतो आणि त्याच्या लेखणीचा आपल्याशी काय संबंध, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबईचे येझदी हिरजी मालेगाम हे नाव बाजारात फारसे कोणी घेत नाही. ते एस. बी. बिलिमोरिया अँड कंपनी या जुन्या लेखापरीक्षण पेढीचे ज्येष्ठ भागीदार होते. ही पेढी डेलॉइट या जगभर पसरलेल्या संस्थेच्या परिवारातली. 1979-80 साली ते देशातील चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. पुढे रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळावर त्यांनी दीर्घकाळ काम केले. 1995 साली शेअर विकणाऱ्या कंपन्यांनी लोकांना कोणती माहिती द्यावी, हे ठरवण्यासाठी सेबीने नेमलेली समितीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद पाहता पाहता हा माणूस आपल्यासारख्यांच्या छोट्या कर्जापर्यंत आला.

ते असे झाले. 2010 साली आंध्र प्रदेशात बचत गट आणि छोट्या कर्जांच्या वसुलीवरून मोठा गोंधळ उडाला. एकाच घरात तीन-चार संस्थांची कर्जे, आठवड्याचा हप्ता, वसुलीचा जाच. ऑक्टोबर 2010 मध्ये तिथल्या सरकारने वटहुकूम काढला. रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यात मालेगाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जानेवारी 2011 मध्ये अहवाल आला.

त्यात हिशेबनीसाची नजर दिसते. व्याज 24 टक्क्यांच्या वर नसावे. कर्जदाराकडून फक्त तीन गोष्टी घ्याव्यात: व्याज, विम्याचा हप्ता आणि 1 टक्क्यापर्यंत प्रक्रिया शुल्क. एका कर्जदाराला दोनपेक्षा जास्त संस्थांनी कर्ज देऊ नये. हप्ता आठवड्याचा, पंधरवड्याचा की महिन्याचा, हे कर्जदाराने ठरवावे. तारण मागू नये.

आता एक साधा हिशेब पाहू. कोणी सांगतो, “10,000 रुपये घ्या, 12 टक्के व्याज, वर्षभरात 12 हप्ते.” एकूण 11,200 रुपये फेडायचे, दरमहा सुमारे 933. ऐकायला स्वस्त वाटते. पण मुद्दल दर महिन्याला परत जात असते. सहा महिन्यांनंतर आपल्याकडे जवळपास निम्मीच रक्कम उरते, व्याज मात्र पुऱ्या 10,000 वर लावलेले. खरा दर 21 ते 22 टक्के पडतो. म्हणून “सपाट दर की घटत्या शिलकीवर?” हा प्रश्न सही करण्याआधी विचारावा.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीने हा प्रश्न कोणाला विचारला नाही. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घेतले, दुसऱ्याचा भरायला तिसऱ्याकडून. शेवटी शिवणयंत्र विकले आणि कमाईचे साधनच गेले. काम होते, हातात हुन्नर होता. नव्हता तो फक्त हिशेब. आम्ही त्यांना वर्षानुवर्षे कापड देत होतो, पण वहीत काय चालले आहे हे कधी विचारले नाही. ही चूक आमचीही आहे.

समितीचे आकडे आता जसेच्या तसे राहिलेले नाहीत. एप्रिल 2022 पासूनच्या नियमांत व्याजाची ठराविक मर्यादा नाही; दर संस्था ठरवते. पण वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला मिळणारे हे कर्ज विनातारण असावे लागते. घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सर्व खर्च दाखवणारा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो आणि त्यावर नसलेले शुल्क घेता येत नाही. मुदतीपूर्वी फेडल्यास दंड नाही. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत.

तेव्हा बांधवांनो, नवापूर असो, शहादा असो की अक्कलकुवा, कर्ज घेताना तो कागद मागा आणि घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. एका वहीत रोजची कमाई लिहा, शेजारी हप्ते लिहा. दोन्हींची बेरीज रोज समोर राहिली, तर यंत्र विकायची वेळ येणार नाही. आणि मुलांपैकी कोणाला आकड्यांची आवड असेल, तर त्याला दुकानात बसवण्याची घाई करू नका. वाणिज्य शाखेत घाला. वही तपासणारा एक माणूस आपल्या घरातला असेल, तर त्याचा उपयोग साऱ्या गल्लीला होतो.