आठवड्यातला एक तास पोरींच्या खेळाचा

सखींनो, आठवून बघा, शेवटची लगोरी कधी खेळलात? बहुतेकींचं उत्तर एकच येईल, सहावी-सातवीत. मग घरात कुणीतरी म्हणालं, "आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस," आणि खेळ सुटला तो सुटलाच. आज आपल्या मुलींचंही तेच होतंय. संध्याकाळी पोरं मैदानावर आणि पोरी चुलीपाशी.

खेळ म्हणजे नुसता टाइमपास नाही. चारचौघीत तोंड उघडणं, हरल्यावर न रुसणं, दुसरीला सांभाळून घेणं, हे आपण बचत गटात आल्यावर शिकलो. मुलींना ते आत्ताच शिकता येईल. म्हणून गावातल्या किशोरी गटासाठी आठवड्यातून एक तास काढा.

आधी काय पाहावं?

शाळेचं पटांगण किंवा देवळासमोरची मोकळी जागा चालेल. काचा, खडे वेचून घ्या, प्यायचं पाणी ठेवा. वेळ मुलींना विचारून ठरवा. पाणी भरायच्या वेळी ठेवलात तर कोण येणार? पाळी आलेल्या मुलीला बाजूला बसवू नका. खेळायचं की नाही ते तिचं तिला ठरवू द्या. आणि मुख्य म्हणजे, 'बाद' करणारे खेळ कमी घ्या. जी कच्ची असते तीच आधी बाद होते आणि तासभर कडेला बसते. तिलाच तर खेळायला आणायचं आहे.

१. साखळी

एकीवर राज्य. ती जिला शिवेल, तिनं तिचा हात धरायचा आणि दोघींनी मिळून तिसरीला पकडायचं. साखळी वाढत जाते. हात सुटलेला असताना शिवलं तर ते धरायचं नाही. यात हळू पळणारीला सोडून पुढं जाता येत नाही, तिच्या चालीनंच सगळ्यांना पळावं लागतं.

२. लगोरी

सात चपटे दगड, चिंध्यांचा चेंडू आणि दोन गट. एका गटानं नेम धरून लगोरी फोडायची आणि चेंडू अंगाला लागायच्या आत पुन्हा रचायची. चेंडू लागला की डाव दुसऱ्या गटाचा. नेम धरायची पाळी प्रत्येकीला मिळालीच पाहिजे.

३. कानगोष्ट

गोल बसा. पहिलीच्या कानात सांगा, "बुधवारी अंगणवाडीत वजन-उंची घेणार आहेत, कार्ड घेऊन या." तिनं पुढचीच्या कानात एकदाच सांगायचं. शेवटची मोठ्यानं बोलली की हसून मुरकुंडी वळते! हसून झालं की विचारा, "गावात आपल्याबद्दलची गोष्टही अशीच फिरते का?" अशाच एका कानगोष्टीपायी पोरीची शाळा सुटते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

४. गाठ सोडवा

आठ-दहा जणींनी गोल उभं राहून हात पुढं करायचे. शेजारणीचा सोडून दोन वेगळ्या मुलींचे एकेक हात धरायचे. आता हात न सोडता, वाकून, ओलांडून, गिरकी घेऊन गुंता सोडवायचा. मुलगे-मुली एकत्र असतील आणि संकोच वाटत असेल, तर हाताऐवजी रुमालाची टोकं धरा.

आमच्या वाडीत एक मुलगी कधी बोलायची नाही. गाठीत अडकली तेव्हा तीच ओरडली, "थांबा! आधी तू खाली वाक!" त्या दिवशी गाठ सुटली. दोन आठवड्यांनी खेळ संपल्यावर ती मागं रेंगाळली आणि म्हणाली, "ताई, घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललंय." तेव्हा ती दहावीत होती. आम्ही तिघी-चौघी तिच्या आईकडं गेलो. एका फेरीत जमलं नाही, तीन फेऱ्या झाल्या. आज ती अकरावीत आहे.

म्हणून खेळ संपला की दहा मिनिटं नुसतं बसा. उपदेश नको, ऐका. ऐकलेलं पाण्यावर, पारावर न्यायचं नाही. पण मुलगी अडचणीत असेल, अठराच्या आत लग्न ठरत असेल, तर गप्पही बसायचं नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

"खेळून काय मिळतं?" असं घरचे विचारतील. त्यांना सांगा, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांमध्ये भारत जिंकला आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. वार ठरवा, दोन सख्यांवर जबाबदारी द्या. आणि हो, पहिल्या दिवशी पदर खोचून तुम्हीही साखळीत उतरा!