विद्यार्थ्यांची झोंप आणि घरांतील वडील मंडळी

परीक्षेचे दिवस जवळ आले कीं आपल्या घरांत एक चमत्कारिक स्पर्धा सुरू होते. मुलगा रात्रीं किती वाजेपर्यंत जागला, हें आई शेजारणीस सांगते. पहाटे किती वाजतां उठला, हें आजोबा फिरावयास गेल्यावर सोबत्यांस सांगतात. आणि या दोन वेळांच्या मध्यें तास किती उरले, हें मात्र कोणीच मोजीत नाहीं. बारावीच्या मुलाचें हें मधलें अंतर चार-साडेचार तासांवर येऊन ठेपलें, तरी घरांतील मंडळींस तें भूषणच वाटतें. आम्हीं पस्तीस वर्षें शिक्षकाचा पेशा केला. पहिल्या तासास डोळे उघडे ठेवून झोंपणारीं मुलें आम्हीं इतकीं पाहिलीं आहेत कीं, या भूषणाविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

विद्यार्थ्याची झोंप कशी असावी असें विचारलें कीं संस्कृतज्ञ मंडळी ताबडतोब श्वाननिद्रेचा दाखला देतात. कावळ्याची खटपट, बगळ्याची एकाग्रता आणि कुत्र्याची झोंप हीं विद्यार्थ्याचीं लक्षणें होत, असें सुभाषितकार सांगतो हें खरें. परंतु झोंप सावध असावी एवढाच त्याचा आशय आहे. ती थोडी असावी असें त्यानें कोठें म्हटलें आहे? ज्यानें कुत्रा पाळला आहे त्यास विचारावें. तो प्राणी दिवसरात्रीचे निम्मे तास तरी झोंपून काढतो! उलट, ज्या चरकाचार्यांस शरीराचें खरें ज्ञान होतें, त्यांनीं आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. आणि सुखदुःखाप्रमाणेंच ज्ञान व अज्ञान हींही निद्रेच्या आधीन आहेत, असें सूत्रस्थानांत स्पष्ट सांगितलें आहे. शेंडी खुंटीस बांधून व रस्त्यावरील दिव्याखालीं बसून अभ्यास करणाऱ्यांच्या गोष्टी आपण सारेच ऐकत आलों आहों. पण दिव्याखालीं बसणारा तो मुलगा घरीं तेल नव्हतें म्हणून तेथें बसला. झोंप वाईट म्हणून नव्हे.

पाठांतराची परंपरा असलेल्या घरांत एक अनुभव सर्वांस असतो. रात्रीं निजण्यापूर्वीं दोन-चार वेळां म्हटलेलें स्तोत्र सकाळीं अधिक सहज ओठांवर येतें. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेंकिन्स व डॅलेनबाख या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं १९२४ सालीं हीच गोष्ट प्रयोगानें तपासून पाहिली. त्यांनीं दोन विद्यार्थ्यांकडून दहा-दहा निरर्थक अक्षरसमूह पाठ करून घेतले. कधीं सकाळीं, कधीं निजण्यापूर्वीं. आठ तास झोंप झाल्यावर विचारलें, तर दहांपैकीं निम्मे आठवत. आठ तास जागेपणीं गेल्यावर विचारलें, तर जेमतेम एखादा. त्या काळीं याचा अर्थ एवढाच करण्यांत आला कीं, झोंपेंत नवीन गोष्टींची गर्दी नसते, म्हणून विस्मरण कमी. पुढें १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांत असेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं, झोंपलेल्या मनुष्याचे डोळे पापण्यांआड जलद हालतात अशी एक अवस्था दाखवून दिली, आणि झोंप म्हणजे मेंदूची सुट्टी नव्हे हें उघड झालें. दिवसां शिकलेलें प्रथम मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नांवाच्या भागांत तात्पुरतें सांठतें. गाढ झोंपेंत त्याची जणूं उजळणी होते आणि तें हळूहळू मेंदूच्या बाह्य आवरणांत कायमचें रुजतें, असें आतां शास्त्रज्ञ मानतात. झोंपेचीं हीं आवर्तनें सुमारें दीड-दीड तासाचीं असतात. रात्रीच्या पूर्वार्धांत गाढ झोंप अधिक आणि पहाटेकडे स्वप्नावस्था अधिक. म्हणून रात्रीं एकास निजलेल्या मुलास पहाटे चारास उठविलें, म्हणजे केवळ तास कमी होतात असें नाहीं. पहाटेच्या वांट्याची जी निराळी झोंप, तीच बहुतेक नाहींशी होते. धान्य विकत आणावें, अंगणांत ओतावें, आणि कणगींत मात्र भरूं नये, असाच हा व्यवहार झाला.

ब्राह्ममुहूर्ताविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. परंतु त्या मुहूर्तावर उठणारे आपले पूर्वज दिवेलागणीनंतर लौकरच जेवून निजत असत. हल्लीं घरोघर उठण्याची वेळ आजोबांच्या काळची आणि निजण्याची वेळ नातवाच्या काळची, असा संकर झालेला आहे.

झोंप किती हवी? अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या अकादमीनें २०१६ सालीं सहा ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास असें प्रमाण सांगितलें. त्यांतून या दुसऱ्या वयाची एक अडचण वडील मंडळींनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. मेलाटोनिन नांवाचें जें संप्रेरक अंधार पडल्यावर स्रवून शरीरास रात्रीची सूचना देतें, तें वयांत येणाऱ्या मुलामुलींत तास-दोन तास उशिरां स्रवूं लागतें. सोळा वर्षांच्या मुलास दहा वाजतां झोंप येत नाहीं व सहा वाजतां जाग येत नाहीं, हा सर्वस्वीं त्याचा हट्ट नव्हे. कॅलिफोर्निया राज्यानें २०१९ सालीं कायदा करून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांस साडेआठाच्या आंत आरंभ करूं नये असें ठरविलें, व २०२२ पासून तो अमलांत आणला. आपल्या महाराष्ट्र सरकारनेंही फेब्रुवारी २०२४ मध्यें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नवाच्या पुढें भरवावेत असा निर्णय काढला. तो स्तुत्यच होय. परंतु ज्या वयास उशिरां झोंप येते, त्या वरच्या वर्गांचा त्यांत समावेश नव्हता.

परीक्षेच्या आदल्या रात्रीविषयीं एकच गोष्ट सांगतों. डॉसन व रीड यांनीं ऑस्ट्रेलियांत केलेले प्रयोग १९९७ सालीं प्रसिद्ध झाले. सतत सतरा तास जागलेल्या माणसाचें काम, १०० मिलिलिटर रक्तांत ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाच्या कामाइतकें ढासळतें, असें त्यांत आढळलें. आपल्या मोटार कायद्यांत वाहन हांकणाऱ्यास ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सोवळ्याओवळ्याचा विचार करणाऱ्या घरांतून आपण मुलांस कोणत्या अवस्थेंत परीक्षेस पाठवितों, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

आतां मुलींविषयीं. मुलगा अभ्यासास बसला कीं सारें घर पावलें न वाजवितां चालतें. मुलगी मात्र अकरा माणसांचीं ताटें उचलून, ओटा पुसून, दुसऱ्या दिवशींची भाजी निवडून मग पुस्तक उघडते, आणि पहाटे पाणी आलें कीं तिलाच हांक येते. आमची एक दहावींतील विद्यार्थिनी भूमितींत हुशार असून एकाएकीं मागें पडूं लागली, तेव्हां आम्ही तिच्या घरीं गेलों. आजींनीं बाजूस घेऊन सांगितलें, "मास्तर, पोरीला झोंप मिळत नाहीं हें मला दिसतें हो. पण मी बोललें तर सुना म्हणतील, आम्हांला कोणी झोंपूं दिलें होतें?" यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. उत्तर त्या बाईनींच काढलें. सुनांस कांहीं न सांगतां त्यांनीं स्वतःचें जेवण साडेनवाऐवजीं आठास मागावयास सुरुवात केली. सासूबाई जेवल्या म्हणजे पंगत पुढें ढकलण्यास कारण उरेना. मग चुलतभावास ताटें उचलावयास लावलें. त्यानें चार दिवस कुरकुर केली. दहा वाजतां स्वयंपाकघर बंद होऊं लागलें. मुलीबरोबर तिची आई आणि काकूही तासभर लौकर निजूं लागल्या. जें मास्तरांस साधलें नसतें, तें घरांतील वडील बाईस जेवणाची वेळ बदलून साधलें.

बाकीचे उपाय सर्वांस ठाऊक आहेत. चहा-कॉफीचा अर्धा अंमल पांच-सहा तासांनंतरही शरीरांत राहतो, म्हणून संध्याकाळनंतर ती देऊं नये. भ्रमणध्वनि बाहेरच्या खोलींत, आणि तोही सर्वांचाच, ठेवावा. एकट्या मुलाचा काढून घेतल्यास तंटाच वाढतो. निजण्याची वेळ सुट्टींतही फारशी हलवूं नये.

हा क्रम सुरू केल्यावर पहिले आठ-दहा दिवस मुलगा अंथरुणावर पडून छताकडे पाहत राहील. त्यास पाहूं द्यावें. त्या वेळीं दिवाणखान्यांतील दूरचित्रवाणी संच मात्र बंद असावा, आणि पहाटेचें आजोबांचें स्तोत्रपठण कांहीं महिने मनांतल्या मनांत चालावें.