एकोणीस सरताना...

इंग्रजीत तेरापासून एकोणीसपर्यंतच्या आकड्यांना 'टीन' हे शेपूट जोडलेले असते. त्यामुळे विसावा वाढदिवस आला, की 'टीनएज' संपले हे तिथे भाषेनेच ठरवून टाकले आहे. मराठीतला 'एकोणीस' मात्र मुळातच 'विसाला एक कमी'. शिवाय आपल्याकडे सोळाव्या वर्षाचे कौतुक होते, पंचविशीपर्यंतचा उनाडपणा 'गद्धेपंचविशी' म्हणून सोडून दिला जातो. मधल्या एकोणिसाची दखल फारशी कुणी घेत नाही.

महाविद्यालयातही तीच गत. बारावी आणि सीईटीची धावपळ संपलेली, पदवीचे अखेरचे वर्ष अजून दूर. या वयात बहुतेक मुले 'एसवाय'ला असतात आणि एसवाय म्हणजे आरामाचे वर्ष, ही समजूत कट्ट्यावर वर्षानुवर्षे चालत आली आहे. बोर्डाची परीक्षा नसल्याने पालकही जरा सैलावतात. हा निवांतपणा वाईट नव्हे. अडचण एवढीच, की याच वर्षात काही दारे आवाज न करता बंद होतात.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचेच पाहा. अभ्यासक्रम सुरू होताना उमेदवाराचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते. २०२२ पासून मुलींनाही ही वाट खुली झाली. लेखी परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणीत जाणारे महिने धरले, तर एकोणिसाव्या वाढदिवसाला विचार सुरू करणाऱ्याला उशीरच झालेला असतो. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे लागते. पहिल्या वर्षी नाव घातलेल्यांचा हिशेब याच वर्षी मिटतो. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांच्या तालमींसाठीही पुढल्या वर्षी, प्रकल्प आणि नोकरीच्या मुलाखतींच्या गर्दीत, वेळ काढणे कठीण होते.

कायद्याने मात्र या वयाला केव्हाच गंभीरपणे घेतले आहे. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण होताच व्यक्ती सज्ञान ठरते. घरी आई अजून डबा भरून देत असली, तरी बाहेर केलेली सही बंधनकारक असते. खोलीचा भाडेकरार, मोबाइलचे हप्ते, मित्राच्या कर्जाला दिलेला जामीन, यांपैकी कशातही 'मुलगा लहान आहे' हे कारण चालत नाही. ॲपवरून दोन मिनिटांत मिळालेल्या कर्जाचे हप्ते थकले, तर त्याची नोंद क्रेडिट अहवालात राहू शकते आणि पुढे शैक्षणिक किंवा गृहकर्ज मागताना ती समोर येते. ही माहिती ना पाठ्यपुस्तकात ठळकपणे असते, ना घरात कुणी सांगते.

मतदार नोंदणीबाबतही तसेच. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख धरली जाते. वसतिगृहात राहणाऱ्यांना मूळ गाव किंवा शिक्षणाचे ठिकाण, यांपैकी एकाच जागी नाव नोंदवता येते. अर्ज नमुना ६ चा.

एकोणीस वर्षांच्या वयात काय घडू शकते, हे नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये दाखवले. जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून तिने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टरही झाली. अशी उदाहरणे जेवणाच्या ताटावर रोज वाढली गेली, तर मुलांची भूकच जाते. तिच्यामागे लहानपणापासूनची पटावरची वर्षे होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

विश्वचषक नको, पण एखादी गोष्ट तरी स्वतः निवडून वर्षभर निभावणे कुणालाही जमण्याजोगे आहे. एकाच वेळी चार क्लास लावण्यापेक्षा ते बरे. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतरची एप्रिल-मेची सुटी तर अनेकांची शेवटची मोकळी सुटी ठरते; त्यापुढच्या सुट्या इंटर्नशिप आणि प्रवेश परीक्षा खातात. तेव्हा मुलांनी हरिश्चंद्रगडावर जायचे ठरवले, तर एसटी, मुक्काम, खर्च आणि परतीची वेळ त्यांनाच ठरवू द्यावी. घरी फोन किती वाजता करायचा, तेवढे पालकांनी ठरवावे. फार तर एखादी गाडी चुकेल.